थंड हवेचा पाइप

पाडव्याची दुपार आहे. जेवणात बासुंदी झाली आहे, तीही दोनदा, आणि आता मी पुढच्या खोलीत चटईवर आडवी झाले आहे. झोपायचं नाही असं ठरवून डोळे अर्धे मिटलेत. दार उघडं आहे आणि दारातून अंगणातल्या जीपचं नाक दिसतं. दोन गोल दिवे, मधली जाळी, आणि जाळीवर काल लक्ष्मीपूजनाला घातलेला झेंडूचा जाडजूड हार. माझ्या डोक्याशी भिंतीवर आप्पांचा फोटो आहे. त्यालाही तसाच हार. दोन्ही मी एकाच हारवालीकडून घेतले, आणि जीपचा थोडा जास्त जाड घेतला, कारण ती रुसली आहे.

मी कुशीवर वळते आणि जीपला मनातल्या मनात शिव्या घालते. फार वाईट नाहीत. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्या शिव्यांना मर्यादा आहेत.

उद्या भाऊबीज. आप्पा होते तोवर दर भाऊबीजेला ही डिझेलची जीप घेऊन इचलकरंजीहून निघायचे, गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचे आणि घाटाखालच्या गावात हौसाआत्तीकडे, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जायचे. दोन वर्षांपूर्वी वैशाखात आप्पा गेले. त्या दिवाळीत मी आणि धाकटा भाऊ जनार्दन जीप घेऊन गेलो, तर आत्ती तबक घेऊन अंगणात आली आणि तिने जीपला ओवाळलं. बॉनेटला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, एक करंजी दिव्याजवळ ठेवली आणि म्हणाली, "ये भाऊ." आम्ही कोणीच हसलो नाही. गेल्या वर्षीही तसंच झालं. आत्ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिला कमी दिसतं, पण जीपचा आवाज ती फाट्यापासून ओळखते.

यंदा जीप जाईल की नाही, सांगता येत नाही. उतरेल हो, उतरायला काय लागतं? चढणार कशी हा प्रश्न आहे. मागच्या रविवारी जोतिबाच्या चढाला ती पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत, काळा धूर ओकत निघाली आणि आम्हाला नारळांच्या पाट्या लादलेली एक मोपेड ओलांडून गेली. शेजारी बसलेला जनार्दन म्हणाला, "ताई, हिचं आता भंगारच." उद्या तो स्वतःची पांढरी गाडी काढणार आहे आणि दिवाळी झाली की भंगारवाल्याला बोलावणार आहे. हौसाआत्तीने फोनवर ऐकून घेतलं आणि सांगितलं, "या की. जेवून जावा. पण त्या पांढऱ्या गाडीला मी ओवाळणार न्हाई. मी तिला वळखत न्हाई."

आणि यातली खरी बोच अशी, की जीप मी बिघडवली आहे. गणपतीच्या सुट्टीत मी तिला थंड हवेचा पाइप बसवला.

पंखा वर घरघरतो आहे. त्याची घरघर हळूहळू मोठी होते, एवढा मोठा पंखा आपल्या घरात नाही हे मला कळतं, पण उठून बघावंसं वाटत नाही. पाय गार पडतात. पायाखाली ओली फरशी आहे.

मी सूतगिरणीत आहे, आप्पांच्या हवेच्या खोलीत. इथूनच सगळ्या गिरणीला गार, ओलसर हवा जायची, कारण हवा कोरडी पडली की सूत तुटतं. पत्र्याचे माणूसभर उंचीचे बोगदे, आत पाण्याचे फवारे. चाळीस वर्षं आप्पांनी हवेला इकडून तिकडे नेण्याचं काम केलं. बोगद्याचं दार उघडतं आणि आप्पा बाहेर येतात. खाकी हाफ शर्ट, पायात टायरच्या चपला, आणि गळ्यात गुडघ्यापर्यंत झेंडूचा हार.

ते येताक्षणी शिंकतात. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा भिंतीला धरून.

"शालन," नाक पुसत ते म्हणतात, "ह्यो हार कुणी घातला?"

"मी घातला. काल लक्ष्मीपूजन होतं."

"एवढा जाड?"

"जीपचा याहून जाड आहे."

"मग तिची तर कंबख्तीच आली," असं म्हणून ते पुन्हा शिंकतात.

ते मेलेले आहेत हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याचं वाईट मात्र वाटत नाही, नुसतं विचारायचं खूप साठलं आहे आणि वेळ थोडा आहे असं वाटतं. तास संपायला पाच मिनिटं असताना वाटतं तसं.

"आप्पा, तुमचा पाइप मी पुरा केला."

"कुठला?"

"माळ्यावरचा. तुम्ही अर्धा टाकून गेलात तो."

ते हसतात. "टाकून गेलो न्हाई. बोलावणं आलं, तवा हातातलं ठेवून गेलो."

तो पाइप म्हणजे आप्पांची शेवटची खोड. त्यांचं म्हणणं असं, की जीपचं इंजिन स्वतःच्याच अंगावरची तापलेली हवा ओढतं, कारण हवा घेणारा डबा त्याच्या डोक्यावरच बसवलेला आहे. तापलेली हवा पातळ असते. "पातळ आमटीवर चढ चढायला लावतोय आपण तिला," ते म्हणायचे. म्हणून बाहेरची गार हवा पुढून, जाळीमागून आणायची. तीन इंची प्लास्टिकचा नळाचा पाइप, वळणावर जोडायला एक एल्बो, फिल्टरसाठी पत्र्याचा बंद डबा, आणि इंजिनाची धग अडवायला तेलाचा डबा कापून केलेला आडोसा. आडोसा त्यांनी कापून ठेवला होता आणि पाइपावर लाल खडूने बाण काढला होता, हवा कुठून कुठे जाणार त्याचा. बाकी सगळं मी केलं.

"तोंडाला काय लावलंस?" ते विचारतात.

"नरसाळं. तोंड रुंद पाहिजे ना."

"कुठलं नरसाळं?"

आता आम्ही आमच्या स्वयंपाकघरात उभे आहोत आणि आई ओट्यापाशी पाठमोरी आहे. ती बाटलीत तेल ओतायला नरसाळं शोधते आहे. आप्पा माझ्याकडे बघून डोळा मारतात. मग पाठीमागून हळूच हात घालून खिळ्यावरची चहाची मोठी गाळणी काढतात, पाहुणे आले की वापरतो ती, आणि शर्टाच्या आत घालतात.

"तिकडे चहा मिळतो?" मी कुजबुजते.

"मिळतो. पण पावडर तोंडात येतीया."

आई वळत नाही. नुसती म्हणते, "बाप आणि लेक, दोघांचा हात माझ्या भांड्यांवर." आप्पा जिवंत असल्यासारखं ती बोलते आणि आप्पाही तसेच ओशाळतात.

ओट्याखालून माझा पाइप निघाला आहे. पांढरा, तीन इंची, दाराबाहेर जाऊन पुढे पुढे गेलेला. आप्पा देवघरातली उदबत्ती पेटवतात. मला माहीत आहे आता ते काय करणार. गिरणीत प्रत्येक सांधा ते असाच तपासायचे. उदबत्ती सांध्याभोवती फिरवायची, धूर आत ओढला गेला की तिथं फट आहे. धूर सरळ वर गेला की सांधा पास, आणि मग लाल खडूने त्यावर बरोबरची खूण. त्या खुणेला गिरणीत फार मान होता. खोत मिस्त्रींची, म्हणजे आप्पांची, खूण असली की पुन्हा बघायला नको. माझ्या वहीवर, प्रगतिपुस्तकावर, कशावर म्हणून त्यांनी ती कधी काढली नाही. मी बी.एस्सी. झाले तेव्हा ते "बरं झालं" म्हणाले आणि गिरणीत गेले.

ते वाकून उदबत्ती फिरवत पाइपाबरोबर चालतात. मी त्यांच्या मागे. निकालाला उभ्या मुलीसारखी, पन्नाशीला आलेली बाई असूनही.

"चिकटवलास कशानं?"

"नळाच्या सोल्युशननं. टोकांना नुसत्या क्लिपा आवळल्यात."

"हं."

"गणपतीत जोतिबाला तिसऱ्या गिअरमध्ये चढली आप्पा. जनूसुद्धा गप्प बसला."

"जनू गप्प बसला म्हंजे कायतरी झालंच असणार."

"मग पुढे काय बिघडलं? मी डिझेल फिल्टर बदलला. नोझल साफ करून आणले. पाइप तीन वेळा सोडून पुन्हा जोडला."

ते ऐकत नाहीत. पाइप एका दारातून आत जातो आणि आत माझा नववीचा वर्ग आहे. मुली उठून उभ्या राहतात. "बसा बसा," आप्पा घाईने म्हणतात आणि स्वतःच शेवटच्या बाकावर बसतात, गुडघे मावत नाहीत तरी. फळ्यावर मी काढलेली फुफ्फुसं आहेत. पाइप फळ्यातून थेट त्यांच्या श्वासनळीला जोडला आहे आणि हे कोणाला विचित्र वाटत नाही.

"बाई," आप्पा हात वर करतात, "फोटोतल्या माणसाला श्वास लागतो का?"

मुली फिदीफिदी हसतात.

"नाही लागत," मी म्हणते.

"कशावरनं?"

ते पुन्हा शिंकतात आणि झेंडूच्या दोन-चार पाकळ्या बाकावर उडतात. मग ते उठून माझ्या टेबलापाशी येतात. "लाल खडू हाय का?" जिवंत असतानाही ते शाळेतले खडूचे तुकडे मागून न्यायचे. गिरणीच्या खडूला रंग नाही म्हणायचे. मी पेटीतला अख्खा खडू देते. ते मोडून अर्धा घेतात.

"आधी सांगा," मी खडू सोडत नाही. "मी तुमचं इंजिन खराब केलं का?"

वर्गात मुली नाहीत आता. वर्गच नाही. डाव्या हाताला कठडा आहे, उजव्या हाताला काळा दगड, आणि मी जीपच्या स्टिअरिंगवर बसले आहे. करूळ घाट आहे. ऊन स्वच्छ पडलं आहे. आप्पा जीपच्या पुढे चालताहेत, हात मागे बांधून, आणि जीप त्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये कण्हते आहे. मागे धुराचा काळा पट्टा.

"आत बसा," मी ओरडते.

"नको. तिला आणि माझं वजन कशाला."

ते दहा पावलं चालतात आणि थांबतात. कंबरेवर हात ठेवतात. त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होते आहे. जीपही थांबते. मी ब्रेक लावलेला नाही.

मी उतरून पळत जाते. "काय होतंय?"

"दम लागलाय."

"मेल्यावर कसला दम?"

"ते मला इचारतीस? घातलाय कुणी?" ते हाराकडे बोट दाखवतात. हार आता गळ्यात राहिलेला नाही, वर सरकून त्यांच्या तोंडावर, नाकावर आला आहे. ते श्वास घेतात तशा पाकळ्या आत ओढल्या जातात. "मानानं घातलायस. काढ म्हणता येत न्हाई."

मी हार काढते. तो निघता निघत नाही, हातभर, वावभर, कठड्यावरून खाली दरीपर्यंत. शेवटचं टोक निघतं तेव्हा आप्पा एक लांब श्वास घेतात. घाटातली सगळी गार हवा त्यात जाते असं वाटतं. माझ्या मागे जीपचा आवाज बदलतो. कण्हणं थांबून तो खालच्या सुरात, भरलेल्या पोटाचा असा येतो. गणपतीत येत होता तसा.

मी वळून जीपकडे बघते. जाळीवरचा हार बघते. मग आप्पांकडे.

"अगं बाई," मी म्हणते.

"आता कळलं," ते म्हणतात. त्यांना भारी मजा वाटते आहे. "शास्त्र शिकवतीस व्हय गं पोरींना?"

"तुम्ही सरळ सांगायचंत की."

"सरळ सांगून तू कवा ऐकलंयस?"

मला हसू येतं आणि रडूही येतं. दोन वर्षं मला त्यांची फार आठवण येते आहे. मी ते कोणाला सांगितलं नाही, जीपलाच घासत-पुसत बसले. आता त्यांना सांगते. "आप्पा, मला तुमच्याशिवाय करमत नाही."

"म्हाईत हाय," ते म्हणतात. "माझा एल्बो वाकडा झाला असता. तुझा सरळ बसलाय." एवढं बोलून ते बॉनेट उघडतात आणि कंबरेत वाकून आत डोकं घालतात. त्यांच्या हातात अर्धा लाल खडू आहे. मला नुसती त्यांची पाठ दिसते, आणि वाकल्यामुळे वर सरकलेला खाकी शर्ट, आणि त्यातून डोकावणारी गाळणीची मूठ.

"खूण करताय का?" मी विचारते. "आप्पा? पास आहे का?"

"शालन! चहा टाकलाय, ऊठ."

आईची हाक आहे. मी चटईवर आहे. पंखा आपल्या नेहमीच्या आवाजात फिरतो आहे, दारात चारचं ऊन आलं आहे आणि गालावर चटईचे वळ उठले आहेत. फोटोत आप्पा नेहमीसारखे गंभीर. मी आधी स्टूल घेते आणि त्यांच्या गळ्यातला हार काढून फोटोखालच्या फळीवर ठेवते.

मग अनवाणीच अंगणात जाते. जीपच्या जाळीवरचा हार उचलते, तर त्याच्या मागे बरोबर नरसाळ्याचं तोंड. कालच्या हाराच्या खाली अजून एक सुतळी अडकलेली आहे, दसऱ्याच्या हाराची. नुसती सुतळी. तिच्यावर एकही फूल नाही.

फिल्टरच्या डब्याला सहा स्क्रू आहेत. गेल्या तीन आठवड्यांत मी सगळं उघडलं, हा डबा तेवढा उघडला नाही, कारण फिल्टर नवा होता आणि मी स्वतःच्या हाताने बसवला होता. झाकण निघतं. आत दसऱ्याचा अख्खा हार आहे. वाळलेल्या, तपकिरी पाकळ्या कागदी फिल्टरवर अशा थापल्या गेल्यात की कागद दिसत नाही. आम्ही जीपची पूजा केली आणि तिचं नाक बंद केलं. वर ती रुसली म्हणून आणखी जाड हार घातला. नववीतल्या एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

आई चहाचा कप घेऊन बाहेर येते. मी तिच्या परातीत पाकळ्या झटकते आहे. परात भरत येते.

"ह्या कुठनं निघाल्या?"

"हिच्या नाकातून."

आई वाकून बघते, मग माझ्याकडे बघते आणि पदर तोंडाला लावून हसायला लागते. ती इतकी हसते की कप माझ्या हातात द्यावा लागतो. मी फिल्टर झटकून, फुंकून परत बसवते आणि किल्ली फिरवते. जीप दुसऱ्या फेऱ्याला सुरू होते. मी पाय दाबते. मागून धूर येतो तो फिका, येतो आणि विरून जातो. आवाज खालचा, भरलेल्या पोटाचा. आई हसायची थांबते आणि नुसती ऐकत उभी राहते.

"ह्यो आवाज हौसाताईला फाट्यावर ऐकू जाईल," ती म्हणते.

"आई, चहाची मोठी गाळणी कुठे आहे?"

"कशाला?"

"नरसाळ्याच्या तोंडाला लावायची. पुन्हा काही आत जायला नको."

"आधी नरसाळं, आता गाळणी," ती पुटपुटते, पण आत जाते. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येतो, खिळ्यावर नाही म्हणून. मग सापडते. ती उदबत्तीच्या घराजवळ, देवघरात होती म्हणे. तिथे कशी गेली, आईलाच ठाऊक. दिवाळीच्या गडबडीत कुठलीही वस्तू कुठेही जाते, त्यात मी काही शोधत नाही.

मी जनार्दनला फोन लावते. सकाळी सहाला ये, पांढरी गाडी घरी ठेव, भंगारवाल्याला बोलावलं असशील तर चहा पाजून परत पाठव. तो काहीतरी विचारत असतो, पण मी बॉनेट लावायला वळलेली असते, आणि फोन कानाशी तसाच राहतो.

एल्बोवर खूण आहे.

लाल खडूची, बरोबरची. एक लहान रेघ खाली, एक लांब रेघ वर, आप्पा वर नेताना शेवटी थोडी वळवायचे तशी वळलेली. पांढऱ्या पाइपावर ठसठशीत. आज सकाळीच मी हा एल्बो ओल्या फडक्याने पुसला होता. बॅटरीच्या मागे, खाली वाकून हात घालावा लागतो अशा जागी आहे तो. मी बोट जवळ नेते, टेकवत मात्र नाही.

"आई, इथं तू काही काढलंस?"

ती गाळणी हातात घेऊन येते, वाकते, बघते. मग सावकाश सरळ होते.

"माझा हात तितं पुरतोय व्हय," ती म्हणते आणि गाळणी माझ्या हातात देते.

जाड हार मी मागे नेऊन स्टेपनीच्या चाकाला घातला आहे. तिथे तो कोणाच्या नाकात जाणार नाही. गाळणी तारेने घट्ट बसवली आहे. उद्या हौसाआत्ती तबक घेऊन अंगणात आली की मी बॉनेट उघडून ठेवणार आहे.